नाव सांगण्याची जोखीम

शिकागोची तेरेझा ली उत्तम पियानो वाजवायची. आईवडील कोरियन, जन्म ब्राझीलचा, दोन वर्षांची असल्यापासून मुक्काम अमेरिकेत. राहण्याचा परवाना मात्र नाही. संगीत महाविद्यालयाचा अर्ज भरताना सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या रकान्यापाशी घोडं अडलं. तिच्या संगीतशाळेतून सेनेटर डिक डर्बिन यांच्या कार्यालयात फोन गेला आणि २००१ साली अशा मुलांना कायदेशीर वास्तव्याची वाट देऊ पाहणारं 'ड्रीम ॲक्ट'चं विधेयक आलं. सुनावणीची तारीख ठरली १२ सप्टेंबर. आदल्याच दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले.

विधेयक रखडलं. पुढे डर्बिन अशा मुलांची मोठाली छायाचित्रं शेजारी उभी करून सेनेटमध्ये त्यांच्या कहाण्या सांगत राहिले.

१० मार्च २०१० रोजी शिकागोच्या फेडरल प्लाझात मुलं स्वतःच बोलायला उभी राहिली. आधी आपलं नाव, मग 'माझ्याकडे कागदपत्रं नाहीत'. भर चौकात असं जाहीर करण्याची ही रीत त्यांनी समलिंगी हक्कांच्या चळवळीतून उचलली होती. कित्येक जण दोन्ही चळवळींतले होते. त्याच वर्षी चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनपर्यंत सुमारे १५०० मैल चालत गेले. मे महिन्यात काहींनी पदवीदानाचे झगे चढवून टूसॉनला सेनेटर जॉन मॅकेन यांच्या कार्यालयात ठिय्या दिला. अटक म्हणजे हद्दपारीला आमंत्रण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

झगे चढवण्यात हिशेब होता. गुणवंत, निष्पाप मुलं लोकांना चटकन पटतात. पण 'यात मुलांचा काय दोष?' म्हटलं की दोष आपोआप आईबापांच्या माथी जातो. ही सल पुढे चळवळीतल्याच अनेकांनी बोलून दाखवली.

२०१० च्या डिसेंबरात सेनेटमध्ये विधेयकाच्या बाजूने ५५ मतं पडली; हवी होती ६०. अखेर १५ जून २०१२ रोजी ओबामांनी 'डाका' योजना जाहीर केली: अशा मुलांना हद्दपारीपासून दोन वर्षांपुरतं अभय आणि कामाचा परवाना. बदल्यात घरचा पत्ता आणि बोटांचे ठसे सरकारजमा! २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने योजना गुंडाळायला घेतली, तेव्हा तोच पत्ता धास्तीचं कारण ठरला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो निर्णय रद्द केला. योजनेच्या भरवशावर लोकांनी मांडलेल्या आयुष्याचा सरकारने विचारच केला नाही, हा न्यायालयाचा एक आक्षेप होता.

एच-१बी व्हिसावर गेलेल्या मराठी घरांच्या वाट्याला वेगळंच त्रांगडं आलं. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षं जातात, मूल २१ वर्षांचं होतं आणि आईवडिलांच्या व्हिसाचं छत्र जातं. 'डाका' या मुलांसाठी नव्हतीच, कारण त्यांच्याकडे वैध कागद होते. दीप पटेल यांच्या 'इम्प्रूव्ह द ड्रीम' या संघटनेमार्फत तीही आता खासदारांपुढे आपापली हकिगत मांडतात.