रोकेया सखावत हुसेन, बेगम

(९ डिसेंबर १८८०–९ डिसेंबर १९३२). बंगाली लेखिका, भारतातील आद्य विज्ञानकथाकारांपैकी एक व मुस्लिम स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या. जन्म रंगपूर जिल्ह्यातील (सध्या बांगला देशात) पायराबंद येथे जमीनदार घराण्यात. घरातील मुलींना धर्मग्रंथांच्या पठणापलीकडे फारसे शिकविण्याची प्रथा नव्हती. थोरले बंधू इब्राहिम साबेर यांनी रात्री सर्व मंडळी निजल्यावर त्यांना इंग्रजी शिकविले; बंगालीची गोडी थोरली बहीण करीमुन्निसा यांनी लावली. भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांच्या लेखनास उत्तेजन दिले व मुलींच्या शाळेसाठी १०,००० रुपये ठेवले.

सुलतानाज ड्रीम ही त्यांची इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या एका महिला-मासिकात व १९०८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीतील नारीस्थानात पुरुष घराच्या आत व स्त्रिया राज्यकारभारात आहेत. तेथील एका विद्यापीठातील विदुषी नळ्या जोडलेल्या फुग्याने मेघांतील पाणी ओढून घेतात, तर दुसऱ्या विद्यापीठात सूर्याची उष्णता साठविली जाते. पुरुष शत्रूपुढे हतबल झाल्यावर हीच उष्णता रणांगणावर सोडून स्त्रिया युद्ध जिंकतात. शांततेच्या काळात तिच्यावर स्वयंपाक होतो. स्वयंपाकघरात धूर नाही की कोळसा नाही. शार्लट पर्किन्स गिलमन यांची याच धर्तीची हरलँड ही कादंबरी त्यानंतर दहा वर्षांनी आली. कथेतील विनोद खेळकर असला, तरी जनानखान्याचे नियम पुरुषांना लावताच ते किती विपरीत दिसतात, हे दाखविण्याचा हेतू लपत नाही.

१९०९ मध्ये पतिनिधनानंतर त्यांनी भागलपूर येथे पाच मुलींची शाळा काढली. पुढे ती कलकत्त्यास हलवून १९११ मध्ये आठ मुलींनिशी पुन्हा सुरू केली. मुली मिळविण्यासाठी त्या घरोघर हिंडत. त्यांना ने-आण करणारी मोटारगाडी सर्व बाजूंनी बंद होती. आत काळोख व उकाडा इतका, की मुली आजारी पडत. म्हणून खिडक्यांना पडदे लावले, तेव्हा ते वाऱ्याने उडतात, अशा तक्रारींची व धमक्यांची पत्रे आली. हा प्रसंग त्यांनी अवरोधवासिनी (१९३१) या ४७ आख्यायिकांच्या पुस्तकात शेवटी दिला आहे. त्यातच, बुरखा अडकून रुळांवर पडलेल्या स्त्रीस परपुरुषांचा स्पर्श नको म्हणून दासीने हमालांना रोखले व ती गाडीखाली सापडली, अशीही एक हकीकत आहे. मर्यादेचा पडदा व कोंडवाड्याचा अवरोध यांत त्या भेद करीत आणि स्वतः पडदा पाळीत. हे विसंगत वाटेल. परंतु त्याविना पालकांनी मुली त्यांच्या हवाली केल्या नसत्या.

१९१६ मध्ये त्यांनी अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम ही महिलासंस्था स्थापन केली. धर्मग्रंथांतील स्त्रीविषयक नियम पुरुषांनी रचले, असे सुचविणारा त्यांच्या एका लेखातील मजकूर वादामुळे मतिचूर या निबंधसंग्रहात गाळावा लागला. पद्मराग (१९२४) ही त्यांची कादंबरी. कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा नारीर अधिकार हा निबंध अपुरा राहिला होता.