पाठ आसा तां गेल्या वर्साचां

वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या तळ्यापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. माझे चुलत आजोबा, अण्णा, भिक्षुकी करायचे. माजघरात खुंटीला सुतळी ओवलेलं पंचांग टांगलेलं असे. पाडव्याला नवं यायचं, जुनं माळ्यावर जायचं. मुहूर्त विचारायला कोणी आलं की अण्णांचा हात आधी खुंटीकडे जाई. एकदा शेजाऱ्याने विचारलंच, "अण्णानू, तुमका सगळां पाठ आसा, मगे पंचांग कित्याक काढतास?" अण्णा पान उलटत म्हणाले, "पाठ आसा तां गेल्या वर्साचां."

तीस वर्षं प्रोग्रॅमिंगवर पोट भरून आता मी त्याच माजघरात लॅपटॉप मांडून बसतो. पावसात लाइट गेली की काम थांबतं आणि जुन्या गोष्टी आठवतात. आमच्या धंद्याचा इतिहास लोक यंत्रांच्या वेगाने मोजतात. मला तो खुंटीचा इतिहास वाटतो: आठवत नाही तेव्हा हात कुठे जातो, त्याचा.

बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं, त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. एका कमांडला एक नोंद. कमांड काय करते, कशी द्यायची, आणि 'बग्ज' या मथळ्याखाली ती कुठे फसते. पहिल्या आवृत्तीत मालकाचं नावही असे. शंका असली तर सरळ त्याला गाठायचं. आपला माल कुठे बिघडतो हे स्वतःच छापून देणारा दुसरा धंदा मला ठाऊक नाही. पुढे मॅन्युअल जाड झालं तशी त्याची सूचीही हुशार झाली. शीर्षकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने पुढे घेऊन अकारविल्हे लावलेला. कमांडचं नाव माहीत नसलं तरी काम माहीत असलं की पान हाती लागे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात शिकताना आमच्याकडे कुठलं आलंय मॅन्युअल! अप्पा बळवंत चौकातून आणलेलं नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' चौघांत एक, आणि लॅबमध्ये टर्बो सी. त्यात मात्र एक गंमत होती. शब्दावर कर्सर नेऊन कंट्रोल आणि एफवन दाबलं की त्या फंक्शनचं पान तिथेच उघडायचं, बऱ्याचदा उदाहरणासकट. ते उदाहरण उचलायचं आणि चालवून बघायचं. आजच्या साधनांचं मूळ मी इथे धरतो. विचारणाऱ्याने उठायचं नाही, पानाने त्याच्यापाशी यायचं. मालवणच्या जयंत साळगांवकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढून पंचांगाचं हेच केलं. संकष्टी कधी हे विचारायला कोणी येईनासं झालं. अण्णांना ते फारसं रुचलं नव्हतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुलं केलं, २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो आलं, आणि पान काढायचं सोडून आम्ही माणसांना विचारू लागलो. उत्तर झटकन मिळे. ते कुठल्या सालचं आहे, हे मात्र फारसं कोणी बघत नसे.

मग कोड लिहिणारे एआय एजंट आले. वाचन दांडगं, पण एका ठरावीक दिवसापर्यंतचं. पायथनच्या 'पांडाज' लायब्ररीने एप्रिल २०२३ च्या २.० आवृत्तीत तक्त्याला ओळी जोडणारं 'अपेंड' काढून टाकलं. त्याआधीची पुस्तकं आणि उत्तरं 'अपेंड'ने भरलेली, म्हणून एजंट बिनदिक्कत तेच लिहितो. माझं रात्री लावून ठेवलेलं एक काम सकाळी याच शब्दावर मोडून पडलेलं होतं. चूक एजंटची, आणि न तपासता झोपायला गेलेल्या माझीही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला. एजंटने बाहेरच्या साधनाला कसं विचारायचं, त्याची ही ठरलेली रीत. तिच्या आधाराने डॉक्युमेंटेशन काढून देणारी साधनं निघाली. अपस्टॅश कंपनीचं 'कॉन्टेक्स्ट सेव्हन' हे त्यातलं एक. एजंट लायब्ररीचं नाव आणि प्रश्न सांगतो, साधन नेमकी लायब्ररी ओळखून प्रश्नापुरते तुकडे परत देतं. अख्खं पुस्तक ओतत नाही, कारण एजंटच्या पानात वाढायला जागा मोजकीच असते.

पण पान कुठल्या आवृत्तीचं? हा प्रश्न कोकणाला नवा नाही. टिळक पंचांग राशिचक्राचा आरंभ रेवतीतल्या झीटा पिशियम ताऱ्यापासून धरतं, सोलापूरचं दाते पंचांग चित्रेच्या हिशेबाने चालतं. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक. त्यामुळे अधिक महिना वेगळा पडला की एका घरचा गणपती येऊन जातो आणि शेजारच्या घरी तो महिन्याने बसतो. दोन्ही घरं आपापल्या पंचांगाने बरोबर. तसंच, एखादं जुनं काम 'पांडाज' १.५ वर चालत असेल तर तिथे 'अपेंड' बरोबरच आहे. नव्या आवृत्तीचं पान दाखवून ते खोडायला गेलात तर चालतं गाडं मोडाल.

आणि साधन जोडून दिलं तरी एजंट दर वेळी ते उघडत नाही. आठवतंय असं वाटलं की लिहून मोकळा होतो. अण्णांचा हात सवयीने खुंटीकडे जायचा. याला सांगावं लागतं. म्हणून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टच्या सूचनांच्या फाइलीत पहिली ओळ ठरलेली आहे: कुठली आवृत्ती बसवली आहे ते आधी बघ, तिचं पान काढ, मग लिही. एकदा ती मालवणीत लिहून पाहिली. त्याला कळली.