कायदा प्रजेला, राजाला नाही?

मी मलकापूरचा, पण आजची गोष्ट बडोद्याची. कोल्हापूरकरांनो, जरा कान द्या. प्रतापसिंह महाराज गायकवाडांच्या थोरल्या राणी शांतादेवी आपल्याच हसूरकर घोरपड्यांच्या. १९४३ मध्ये महाराजांनी पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवींशी दुसरं लग्न केलं. सीतादेवी आधीच विवाहित. ते लग्न मोडायला त्या मुसलमान झाल्या, मग परत हिंदू!

पण बडोद्यात तर दुसरी बायको करायला कायद्यानंच बंदी होती. महाराज म्हणाले, कायदा प्रजेला, राजाला नाही. इंग्रजांनी मात्र सीतादेवींना 'हर हायनेस' मानलंच नाही. मला राहून राहून शांतादेवींचं वाटतं. असा कायदा असतो तो त्यांच्यासारखीसाठीच ना? १९५१ मध्ये महाराजांची गादी गेली. ती मिळाली शांतादेवींच्या फत्तेसिंहरावांना.