नसांच्या दुखण्याची गोळी: चालू ठेवायची, कमी करायची की बदलायची?

गेल्या रमजानच्या चौथ्या रात्री आमचे अब्बा झोपलेच नाहीत. अंगाला घाम, पोटात मळमळ, जीव कासावीस आणि पायाच्या तळव्यांना अशी आग की पाय थंड फरशीवर टेकवून बसलेले. आम्हाला वाटले शुगर खाली गेली. तपासली तर ठीक होती. शेवटी अम्मीने औषधांचा डबा उघडला तेव्हा कळले की पहिल्या तरावीहच्या दिवसापासून त्यांनी नसांच्या दुखण्याची गोळी बंद केली होती. घरात कोणालाही न सांगता.

विचारले तर म्हणाले, "बेटा, ती गोळी घेतली की सजद्यातून उठताना जमीन फिरते. सफमध्ये पडलो असतो तर?"

त्यांचे चुकले होते, पण तक्रार खरी होती. आमचीही चूक होतीच. वर्षभर ते "चक्कर येते" म्हणत होते आणि आम्ही "वयामुळे होते" म्हणत होतो. आम्ही पेशाने शिक्षक, डॉक्टर नाही. पण त्या रात्रीनंतर डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजून घेतले ते इथे एकत्र देत आहोत. आपल्या वस्त्यांमध्ये शुगरचे रुग्ण घराघरात आहेत. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांचे पाय आज ना उद्या हीच तक्रार करणार आहेत.

हे दुखणे वेगळे का?

ठेच लागली तर दुखते, जखम भरली की थांबते. नसांच्या दुखण्यात बिघाड खुद्द निरोप नेणाऱ्या तारेतच असतो. जखम नसतानाही तार "दुखतंय, दुखतंय" असा निरोप पाठवत राहते. म्हणून मुंग्या, चटके, आग, सुया टोचल्यासारखे वाटणे, चादरीचा स्पर्शही सहन न होणे अशी लक्षणे दिसतात. रात्री ती वाढतात.

कारणे अनेक. मधुमेह सर्वात मोठे. नागीण बरी झाल्यावर राहणारी आग, चेहऱ्यात वीज चमकल्यासारखी कळ, कॅन्सरच्या काही औषधांनंतरचा बधिरपणा, कुष्ठरोग, दारू, आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे शेवटचे नीट लक्षात ठेवा. शुगरसाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. म्हणजे पायाची आग शुगरची आहे की बी-१२ ची, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. उलट त्या रोज घेतल्या तर किडनीला त्रास होतो.

कोणत्या गोळ्या दिल्या जातात?

प्रीगाबालिन आणि गाबापेन्टिन: मूळ फिट्सवर वापरली जाणारी औषधे. गाबापेन्टिनला अमेरिकेत १९९३ मध्ये, प्रीगाबालिनला २००४ मध्ये मान्यता मिळाली. त्रास: चक्कर, गुंगी, पायावर सूज, वजन वाढणे, नजर धूसर होणे.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिन: मुळात उदासीनतेवरची जुनी औषधे, नसांसाठी कमी डोसमध्ये देतात. त्रास: तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, झोप, उभे राहताना बीपी उतरणे. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे.

ड्युलोक्सेटिन: त्रास म्हणजे मळमळ, भूक कमी होणे, घाम. लिव्हरचा आजार असेल तर सहसा देत नाहीत.

कार्बामाझेपिन: मुख्यतः चेहऱ्यातल्या कळेसाठी. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही क्वचित पण जीवघेणी रिअ‍ॅक्शन असू शकते. तिथे उद्यापर्यंत थांबू नये.

आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधे मिसळलेली असतात, जसे प्रीगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन. स्ट्रिपवर कंपनीचे नाव मोठे आणि औषधाचे नाव बारीक अक्षरात. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच औषध लिहिले आणि रुग्ण दोन्ही घेत राहिला, असे सहज घडू शकते. म्हणून ती बारीक अक्षरे वाचा. चष्मा लावून वाचा.

फायदा किती, त्रास किती? वर्गातले गणित

२०१५ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात जगभरच्या चाचण्यांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे आम्ही आमच्या सवयीने ४० मुलांच्या वर्गात बसवून पाहिले. नसांचे दुखणे असलेले ४० जण आहेत असे समजा. औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत किती जास्त जणांचे दुखणे साधारण निम्म्याने कमी होते, आणि साइड इफेक्टमुळे किती जास्त जण गोळी सोडतात?

अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या गटात सुमारे ११ जणांना फायदा, ३ जण सोडतात. (मात्र या चाचण्या बऱ्याचशा जुन्या आणि लहान होत्या.)
ड्युलोक्सेटिनच्या गटात सुमारे ६ जणांना फायदा, ३ जण सोडतात.
प्रीगाबालिनने सुमारे ५ जणांना फायदा, ३ जण सोडतात.
गाबापेन्टिनने ५ ते ६ जणांना फायदा, १ ते २ जण सोडतात.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, कोणतीच गोळी सगळ्या वर्गाला पास करत नाही. तुम्हाला फरक पडला नाही तर त्यात तुमचा दोष नाही, दुसरे औषध करून बघता येते. दोन, साइड इफेक्टमुळे गोळी सोडणारे मोजण्याइतके असतात. तेव्हा "आमच्याच अब्बांना सहन होत नाही" असे वाटून घेऊ नका.

ब्रिटनमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगाबालिन यांचा गुण जवळपास सारखाच दिसला. फरक होता तो त्रासात: एकाने तोंड कोरडे, दुसऱ्याने मळमळ, तिसऱ्याने चक्कर. म्हणजे निवड करताना "कोणती गोळी भारी" यापेक्षा "या माणसाला कोणता त्रास परवडेल" हे विचारायचे. शिलाईकाम करणाऱ्याला धूसर नजर परवडत नाही. ऑटो चालवणाऱ्याला गुंगी परवडत नाही. पायावर आधीच सूज असेल तर सूज वाढवणारी गोळी परवडत नाही.

कंबरेतून पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या दुखण्यालाही प्रीगाबालिन सर्रास दिली जाते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील २०९ रुग्णांवरच्या चाचणीत मात्र तिथे दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, चक्कर मात्र जास्त दिसली. सायटिकासाठी महिनोन्महिने ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा, "अजून लागते का?"

अचानक बंद केले तर

अब्बांना त्या रात्री झाला तो औषध एकदम तोडल्याचा त्रास. घाम, मळमळ, डोकेदुखी, झोप उडणे, घबराट. फिट्सचा आजार असलेल्याला तर फिट येऊ शकते. प्रीगाबालिन बंद करायची असेल तर किमान आठवडाभर घेऊन, डोस हळूहळू उतरवत बंद करतात. जास्त दिवस, जास्त डोस घेतला असेल तर आणखी सावकाश. हा उतार डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

स्ट्रिप संपत आली आणि उद्या दुकान बंद, असेही होते. ईदच्या आधी आठवड्याचा साठा घरात ठेवा.

किडनी आणि उन्हाळा

प्रीगाबालिन आणि गाबापेन्टिन शरीरातून जवळजवळ पूर्णपणे लघवीवाटे बाहेर जातात. किडनी मंद असेल तर औषध अंगात साचते आणि नेहमीचाच डोस जास्त होतो. अब्बांचे हेच निघाले. क्रिएटिनिन वाढलेले होते आणि डोस मात्र निरोगी माणसाचा होता. वर्षातून किमान एकदा ही तपासणी करा.

नागपूरचा मे महिना तर सांगायलाच नको. ४५ अंशांत पाणी कमी पडले की किडनीवर ताण येतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने घाम कमी होऊ शकतो, म्हणून उन्हात काम करणाऱ्यांनी जास्त जपावे.

कशाबरोबर सांभाळायचे?

ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या, दारू आणि गुंगी आणणारी सर्दी-खोकल्याची औषधे यांच्याबरोबर प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन घेतली तर श्वास मंद होण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. दमेकरी आणि म्हाताऱ्या माणसांना हा धोका जास्त. ड्युलोक्सेटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असतानाही ट्रॅमाडॉल स्वतःच्या मनाने घेऊ नये. अ‍ॅसिडिटीचे अँटासिड आणि गाबापेन्टिन यांत दोन तासांचे अंतर ठेवा. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन किंवा शुगरसाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर पायाची सूज दुप्पट होऊ शकते. गरोदर बहिणींनी, किंवा मूल हवे असेल त्यांनी, आधीच सांगावे.

या गोळ्यांनी कोणाकोणाचे मन फार उदास होते, जीव नकोसा वाटतो. असे झाले तर लपवू नका. डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारी टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर बोला.

आणि शेजारच्या चाचांना देऊ नका. प्रीगाबालिनची सवय लागू शकते. याच कारणाने ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून तिच्यावर कायद्याचे जास्त नियंत्रण आणले.

रमजान, वुजू आणि कॅप्सूल

रोजा ठेवायचा की नाही हे शुगरच्या रुग्णाने रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. रोजा ठेवता येत असेल तर दिवसातून दोनदा घ्यायची गोळी इफ्तार आणि सहेरीला बसवता येते. तीनदा घ्यायच्या गोळीची वेळ मात्र डॉक्टरच बदलून देतील. दोन डोस एकत्र गिळू नयेत.

गोळीने आग कमी होते, गेलेली संवेदना परत येत नाही. म्हणून वुजूचे गरम पाणी पायावर घेण्याआधी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्याच्या हाताने तपासा. पायाची बोटे कोरडी पुसा. उन्हाळ्यात मशिदीच्या तापलेल्या अंगणात अनवाणी चालू नका. फोड आला तरी कळणार नाही. सजद्यातून उठताना क्षणभर बसा, मग उभे राहा. चक्कर येत असेल तर खुर्चीवर नमाज पढा.

कॅप्सूलच्या आवरणात बहुधा जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून बनते. काहींच्या मनात शंका असते आणि ते गुपचूप औषध सोडतात. तसे करू नका. दुकानदाराला विचारा, वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल किंवा साधी गोळी मिळते का. मसला आलिम साहेबांना विचारा, पण तोवर औषध चालू ठेवा. सावकाश विरघळणारी एसआर गोळी मात्र फोडू किंवा चुरडू नका.

वहीत काय लिहायचे?

एक शाळेची वही पुरते. रोज रात्री चार गोष्टी लिहा: दुखणे दहापैकी किती, झोप किती तास, चक्कर किंवा गुंगी आली का आणि कधी, पायावर सूज आहे का. आठवड्यातून एकदा वजन. दोन ते चार आठवड्यांची वही समोर ठेवली की डॉक्टरांना उत्तर शोधणे सोपे जाते. तीन प्रश्न नक्की विचारा: डोस कमी करता येईल का? वेळ बदलता येईल का? औषध बदलता येईल का?

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स इथे ओपीडीत दाखवता येते. खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात प्रीगाबालिन स्वस्त मिळते. साइड इफेक्टची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. भारतीय औषधसंहिता आयोगाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

अब्बांची वही आता तिसरी चालू आहे. डॉक्टरांनी डोस निम्मा केला आणि तो रात्रीचा ठेवला. बी-१२ कमी निघाले, त्याचे इंजेक्शन झाले. दुखणे आठवरून चारवर आले आहे, शून्यावर नाही. शून्यावर येईल असे डॉक्टरांनी कधी म्हटलेही नाही. पण चक्कर थांबली. या रमजानमध्ये ते तरावीहला गेले, मागच्या सफमध्ये, खुर्चीवर.

आपल्या घरात कोणी म्हातारे माणूस "गोळीने कसेतरी होते" म्हणत असेल तर आज रात्री औषधांचा डबा उघडून त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो.