लंडनचा जुना पूल

लंडन येथें टेम्स नदीवर दगडी पूल बांधण्यास पीटर ऑफ कोलचर्च या धर्मोपदेशकानें ११७६ मध्यें आरंभ केला. १२०५ मध्यें तो वारला आणि त्या पुलावरील प्रार्थनामंदिरांतच त्याचें दफन झालें. पूल पुरा झाला १२०९ मध्यें.

पुलावर घरेंदुकानें उठलीं. त्यांचें भाडें डागडुजीसाठीं असे. पण तिसऱ्या हेन्रीनें पुलाचें उत्पन्न राणी एलिनोरला दिलें. १२८१-८२ च्या हिवाळ्यांत बर्फाच्या रेट्यानें पांच कमानी कोसळल्या. दोष राणीच्या माथीं आला, व तो सर्वस्वीं खोटा नव्हे. तथापि खरें वैगुण्य रचनेंतच होतें. खांब जाडजूड, त्यांच्या पायांभोवतीं लांकडी खुंट ठोकून दगडांचा भराव घातलेला. भराव खचला कीं नवा घालावयाचा. म्हणजे पूल वांचविण्याच्या प्रत्येक उपायानें नदीची वाट अधिकच अरुंद व्हावयाची! ओहोटीच्या वेळीं पाणी कमानींतून धबधब्यासारखें कोसळे व नावा उलटत. वरच्या अंगास मात्र पाणी तुंबून संथ होई. कडाक्याच्या थंडींत तें गोठे आणि त्यावर चक्क जत्रा भरे.

शेवटची जत्रा १८१४ ची. शेजारचा नवा पूल १८३१ मध्यें खुला झाला, जुना पाडण्यांत आला, आणि टेम्सचा प्रवाह मोकळा झाला.