रद्दीत गेलेला वेताळ

किराणा दुकानात शेंगदाणे, हरभरे कागदाच्या पुडीत बांधून मिळायचे, तो काळ आपल्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. पुडी उलगडली की कधी जुन्या पेपरचा तुकडा निघायचा, कधी मुलांच्या चित्रकथेचं रंगीत पान. आज त्या पानांविषयी बोलू.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहानं 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. ली फॉकचा फँटम आपल्याकडे वेताळ झाला. जोडीला जादूगार मँड्रेक होता, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा अस्सल देशी बहादूर आला. एक अंक सगळ्या गल्लीत फिरायचा. कव्हर फाटायचं, मधली पिन निघायची, आणि दिवाळीच्या साफसफाईत आपणच तो रद्दीवाल्याच्या तराजूत टाकायचो. १९९० मध्ये हे अंक बंद पडले. आता सुरुवातीचा एखादा धड अंक निघाला, तर हौशी माणसं मूळ किमतीच्या कित्येक पट मोजून तो घेतात.

अमेरिकेतही असंच झालं. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ चा अंक १० सेंटला मिळायचा. पुढं महायुद्धात रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या आणि असे गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले. वाचलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना विकली गेली, दुसरी २०२४ मध्ये ६० लाखांना! किंमत वाढवली ती टाकून देणाऱ्यांनी. शिवाय लहानपणी हे वाचलेली पोरं मोठेपणी कमावती झाली, आणि हरवलेलं बालपण विकत घ्यायला निघाली.

उलटंही घडलं. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला. पुढं सोनं होईल म्हणून लाखो लोकांनी तो पिशवीसुद्धा न फोडता जपून ठेवला. सगळ्यांनीच जपला, म्हणून आजही तो स्वस्तात मिळतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्या मोबाइलवर येणाऱ्या जाहिराती. "ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची नोट द्या, लाखो रुपये घ्या." अहो, ती नोट किती घरांत, किती देव्हाऱ्यांत पडून आहे! ती दुर्मिळ कशी होणार? खरा संग्राहक वस्तू हातात घेऊन पाहतो, मग पैसे देतो. हे लोक मात्र वस्तू न बघताच आपल्याकडं नोंदणी फी मागतात, वर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण पडत नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेलाही नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. कुणी पैसे भरून बसलं असेल, तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.