शिवजन्माच्या दोन तिथी आणि चिनी पंचतत्त्वे

थोर पुरुषाचे आयुष्य त्याच्या जन्मवेळेवरून उलगडून दाखवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. चीनमध्येही ती आहे. तिथला ज्योतिषी पाच तत्त्वे पाहतो: लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि पाणी. आपल्या पंचमहाभूतांतले वायू आणि आकाश त्यांत नाहीत. दहा चिन्हे आणि बारा प्राणी यांच्या जोड्यांतून साठ वर्षांचे चक्र होते. आपल्या प्रभवादी संवत्सरांचे चक्रही साठाचेच. वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर यांना एकेक जोडी मिळते व त्यांवरून स्वभाव आणि भाग्य सांगतात.

या पद्धतीचा कस पाहायला शिवाजी महाराजांचे उदाहरण योग्य, कारण त्यांच्या जन्मतिथीवर महाराष्ट्रात दीर्घकाळ वाद झाला. एक तिथी परंपरेने रूढ झालेली, वैशाख शुद्ध २, शके १५४९. दुसरी जेधे शकावलीतली, फाल्गुन वद्य ३, शके १५५१. ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली.

रिठदला घरी बसून मी दोन्हींचे चिनी गणित मांडले. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख. आजच्या गणनेने ती १ मार्च. ते वर्ष निघाले धातूच्या घोड्याचे. तलवार आणि घोडदौड, आणखी काय हवे? पण १६२७ हे वर्ष अग्नीच्या सशाचे. अग्नी म्हणजे तेज, ससा म्हणजे सावध चपळाई. आग्र्याहून सुटका त्यातही चपखल बसते. या पद्धतीत माणसाचे स्वत्व मानले जाते ते दिवसाचे तत्त्व. ६ एप्रिल १६२७ धरा किंवा १९ फेब्रुवारी १६३०, ते पृथ्वीच येते, आणि तीही डोंगराची. गडकोटांचा राजा दोन्हीकडे तयार!

जे भाकीत खऱ्या आणि खोट्या तारखेला सारखेच लागू पडते, ते इतिहासाचा पुरावा होऊ शकत नाही. मात्र म्हणून पत्रिका टाकाऊ ठरत नाही. जोधपूरच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, तेव्हा अभ्यासकांच्या कामी आले ते तिचे फल नव्हे, तर तिच्यातली ग्रहस्थिती. ग्रह कोणत्या दिवशी कुठे होते हे गणिताने पडताळता येते. शकावलीने दिलेला शुक्रवारही गणिताला उतरतो. पुढे १९२७ मध्ये स. म. दिवेकरांनी प्रसिद्ध केलेल्या परमानंदाच्या शिवभारतानेही शके १५५१ लाच दुजोरा दिला.

कुंडलीतून तारीख मिळाली, चरित्र नाही. चरित्रासाठी पत्रे, महजर आणि शकावल्याच वाचाव्या लागतात. राजगड बांधणारे हात आणि आग्र्याहून सुटण्याची योजना जन्मवर्षाच्या प्राण्यावर सोपवली, तर महाराजांनी स्वतः घेतलेले निर्णय आपण त्यांच्याकडूनच काढून घेतो.